पानिपतची मोहीम टेबलावर : पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

टेबलावरच्या युद्धखेळात पहिल्यांदा पानिपत मांडायला बसलेला माणूस हमखास १४ जानेवारी १७६१ च्या सकाळपासून सुरुवात करतो. एका बाजूला सदाशिवरावभाऊ, समोर अब्दाली, मधे मोकळं मैदान आणि हातात फासे. तासाभरात खेळ संपतो. फासे आपल्या बाजूनं पडले की नाही, याच्यापलीकडं खेळणाऱ्याला काही कळत नाही. असं मांडू नका. त्या सकाळी भाऊंच्या हाती जे उरलं होतं, ते आधीच्या साडेसात महिन्यांत ठरत आलं होतं. कुणाला बरोबर घेतलं, नदी कधी अडली, धान्य कुठून येत होतं आणि ते कधी थांबलं, यात सगळं आलं. म्हणून खेळ ग्वाल्हेरपासून सुरू करा, जून १७६० पासून. उदगीरला निजामावर विजय मिळाला तो ३ फेब्रुवारीला, मार्चच्या मध्याला फौज परतूरहून निघाली आणि मेअखेर ग्वाल्हेरला पोचली. तिथून पुढचं सगळं तुमच्या हातात.

मी बेळगावात शहापूर भागात राहतो. मृगाचा पाऊस एकदा लागला की आमच्याकडं रविवारी बाहेर पडायची सोय नसते, खानापूरकडच्यांची तर अजिबात नाही. त्याच दिवसांत आम्ही माडीवर नकाशा पसरतो. निपाणीचा एक मित्र येतो, बैलहोंगलचा एक येतो, शेजारचे एक निवृत्त सुभेदार पंच म्हणून बसतात. खाली लिहिलेले नियम आम्ही याच बैठकांमधून घासूनपुसून घेतले आहेत. तयार खेळ विकत आणायची गरज नाही. दीडेकशे रुपयांत सगळं सामान होतं.

नकाशा आणि एक नट

पूर्ण आकाराचा ड्रॉइंग पेपर घ्या, साधारण ७६ बाय ५६ सेंटिमीटरचा, आणि उभा ठेवा. त्यावर षटकोनी घरं आखायची. चौकोनी घरं का नकोत? चौकोनात तिरकं गेलं की अंतर जास्त पडतं आणि वाद होतो. षटकोनाला सहा शेजारी असतात आणि सहाही सारख्याच अंतरावर.

शेकड्यांनी षटकोन कंपासनं काढत बसलात तर नकाशा होण्याआधी उत्साह संपेल. आमच्या गावात त्याला सोपा उपाय आहे. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून एम-२० चा नट मागून आणा, नाहीतर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्या नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर बरोबर ३० मिलिमीटर असतं. नट कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, शेजारी सरकवायचा. पहिली ओळ पट्टी धरून सरळ घ्या, म्हणजे पुढच्या ओळी आपोआप त्यात बसत जातात. ओळी एकमेकींत अडकत असल्यानं वरखाली अंतर २.६ सेंटिमीटर पडतं. खालून वर २९ ओळी बसतात, आडवी १८ घरं.

एका घरातून शेजारच्या घरात म्हणजे २० किलोमीटर धरा. तेवढ्यात ग्वाल्हेरपासून कुरुक्षेत्रापर्यंतचा सगळा मुलूख मावतो. शाळेचा अॅटलास उघडा आणि नकाशाची खालची कड २६ अंश अक्षांशावर धरा. मग खालून मोजत ग्वाल्हेर दुसऱ्या ओळीत येतं, आग्रा आठव्या, मथुरा दहाव्या, दिल्ली सतराव्या, बागपत एकोणिसाव्या, पानिपत बाविसाव्या आणि कुंजपुरा चोविसाव्या ओळीत. पूर्वेला इटावा आणि गंगेकाठचं अनुपशहर विसरू नका. अब्दालीनं पावसाळ्यात अनुपशहरला तळ ठेवला होता.

यमुना घराच्या मधून काढू नका, घरांच्या कडेकडेनं काढा. नदी मधून गेली की सोंगटी अलीकडं आहे की पलीकडं यावर अर्धा तास जातो. पहिल्या नकाशात आमचा असाच एक संपूर्ण रविवार गेला होता. दिल्ली, मथुरा, आग्रा, पानिपत, कुंजपुरा ही सगळी नदीच्या पश्चिमेला. बागपत पूर्वेला. ही एक गोष्ट चुकली तर अख्खी मोहीम उलटी होते, म्हणून शाईनं गिरवण्याआधी दोनदा तपासा.

पेपर प्लायवूडच्या तुकड्यावर चारी बाजूंनी चिकटवा. खेळ एका बैठकीत संपत नाही, तेव्हा बोर्ड उचलून कपाटावर ठेवता आला पाहिजे.

सोंगट्या

लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा याला उत्तम. अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापा, मराठ्यांचे भगव्या रंगाचे, अब्दालीचे निळे. एका बाजूला नाव आणि रंग, मागं तेच नाव पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारून. सुलटी सोंगटी ताजी, पालथी म्हणजे थकलेली.

मराठ्यांकडं दहा लढाऊ सोंगट्या. हुजुरातीच्या, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेच्या तीन, इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाच्या दोन, शिंद्यांची एक, होळकरांची एक, गायकवाड आणि विंचूरकर मिळून एक, पवार आणि समशेरबहादर मिळून एक, आणि तोफखान्याची एक. शिवाय बुणग्यांच्या, म्हणजे फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या माणसांच्या चार, पांढऱ्या रंगात. अब्दालीकडं अकरा. त्याच्या स्वतःच्या अफगाणांच्या पाच, नजीबखानाच्या दोन, बाकी रोहिले सरदारांच्या दोन, अवधचा नवाब शुजाउद्दौला याची एक आणि उंटांवरच्या जंबुरकांची, म्हणजे हलक्या तोफांची एक. एका सोंगटीमागं नेमकी किती माणसं यावर डोकं शिणवू नका. दोन्ही फौजांचे आकडे इतिहासकारागणिक बदलतात. प्रमाण राखलं म्हणजे झालं.

रंगांबद्दल एक सांगावंसं वाटतं. घरातली लहान मुलं बघताक्षणी याला हिंदू-मुसलमानांचं युद्ध समजतात. तेव्हा त्यांच्या हातात गारद्याची सोंगटी द्या. भाऊंच्या फौजेचा कणा म्हणजे इब्राहिमखानाची कवायती पलटण होती. तो मराठ्यांकडून शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पलीकडं शुजाउद्दौला कुणाला मिळणार यासाठी दोन्ही बाजूंनी खटपट चालली होती. हे मुलांना पुस्तकातून सांगावं लागतं, सोंगटी हातात असली की आपोआप समजतं.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पेटीत पडून असतील तर त्यांतला एकेक सेनापती म्हणून वापरा. आमच्याकडं खानापूरच्या मातीचे दोन मावळे आहेत, एकाचा भाला तुटलेला. तेच गेली कित्येक वर्षं भाऊसाहेब आणि मल्हारराव होऊन उभे राहतात. सेनापतीचा मावळा ज्या घरात आहे तिथल्याच सोंगट्यांना त्या पंधरवड्यात नवा हुकूम देता येतो, एवढाच नियम.

दाणे

आता खरा खेळ. हा भाग सावकाश वाचा. बाकीचे नियम चुकले तरी चालेल, हा चुकला तर पानिपत होणार नाही, नुसती मारामारी होईल.

एक वाटीभर हरभरे आणा. एक दाणा म्हणजे दोन सोंगट्यांचं पंधरा दिवसांचं खाणं. लढाऊ दहा आणि बुणगे चार, म्हणजे चौदा सोंगट्या, म्हणजे दर पंधरवड्याला सात दाणे. खेळातली एक पाळी म्हणजे एक पंधरवडा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत अशा पंधरा पाळ्या होतात.

दाणे मिळतात कुठून? फौज ज्या घरात थांबली ते एक घर आणि भोवतालची सहा, अशी सात घरं. प्रत्येक घर एक दाणा देतं, पण संपूर्ण खेळात एकदाच. दाणा उचलला की त्या घरात पेन्सिलीनं ठिपका द्या. त्या मुलुखातलं धान्य, वैरण, जळण संपलं. आता सात घरं आणि सात दाणे यांचा मेळ बघा. चौदा सोंगट्यांची फौज चालत राहिली तर दर वेळी नवी सात घरं मिळतात आणि तिचं पोट जेमतेम भरतं. ती एका जागी थांबली, तर दुसऱ्याच पंधरवड्याला ताटात काही नाही. जुन्या काळच्या फौजा सतत का हलत होत्या, हे याहून सोप्या रीतीनं दाखवता येईल असं मला वाटत नाही.

न हलता खायचं असेल तर दोनच वाटा. एक, साठा लुटून बरोबर घेणं. दुसरी, पाठीमागून रसद येत राहणं. दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात असेल आणि फौजेपासून दिल्लीपर्यंत घरांची सलग वाट शत्रूच्या सोंगटीनं अडवलेली नसेल, तर दर पंधरवड्याला चार दाणे येतात. वाट तुटली की शून्य. अब्दालीचं गणित वेगळं आहे. त्याच्या पाठीशी नजीबखानाचा अंतर्वेदीतला, म्हणजे गंगा-यमुनेमधला मुलूख आहे. यमुनेच्या पूर्वेकडच्या काठाशी त्याची वाट जोडलेली असेपर्यंत त्याला दर पाळीला सहा दाणे मिळतात आणि त्याच्या अकरा सोंगट्यांना तेवढेच लागतात.

खाणं कमी पडलं तर? कमी पडलेल्या दर दोन दाण्यांमागं एक लढाऊ सोंगटी पालथी करायची. कोणती, ते सेनापती ठरवतो. पहिल्यांदा खेळणारे इथं गप्प होतात. होळकरांना उपाशी ठेवायचं की गारद्यांना, याचं उत्तर कागदावर सोपं असतं आणि टेबलावर फार अवघड.

आता प्रत्यक्ष मांडून बघू. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात भाऊंनी दिल्लीहून उत्तरेला कूच केलं आणि १७ तारखेला कुंजपुरा घेतलं. तिथं अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं, ते मराठ्यांना मिळालं. खेळात कुंजपुऱ्याचे दहा दाणे. २५ ऑक्टोबरच्या सुमाराला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, म्हणजे भाऊंच्या आणि दिल्लीच्या मधे आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही फौजा पानिपतला समोरासमोर. वाटीत कुंजपुऱ्याचे दहा आणि पानिपतच्या भोवतालचे सात, एकूण सतरा दाणे. दिल्लीची वाट तुटलेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला सात गेले, दहा राहिले. दुसऱ्याला सात गेले, तीन राहिले. डिसेंबरच्या पहिल्याला हवे सात, आहेत तीन. चार कमी, दोन सोंगट्या पालथ्या. दुसऱ्याला सातही कमी, आणखी तीन पालथ्या. जानेवारीत पुन्हा तीन. १४ जानेवारीला लढायला उभं राहताना दहातल्या आठ सोंगट्या पालथ्या पडलेल्या असतात. आम्ही हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा वाटीचा तळ दिसला आणि सुभेदार काका म्हणाले, आता फासे टाकायची गरज नाही. बैलहोंगलचा मित्र कन्नडमधून दाण्यांना काळू म्हणतो. त्या संध्याकाळपासून आमच्यात तो शब्द मराठीतल्या काळासारखाच ऐकू येतो.

बुणगे

हाच हिशेब बुणगे मागं ठेवून करा. पण त्यांना उघड्यावर सोडता येत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात किंवा भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या मुलुखात ठेवायचे आणि राखणीला एक लढाऊ सोंगटी तिथंच द्यायची. मग पुढं जाणाऱ्या नऊ सोंगट्या, दर पाळीला पाच दाणे. पानिपतला सतरापासून सुरू केलं तर नोव्हेंबर निभावतो, डिसेंबरचा पहिला पंधरवडाही निभावतो आणि दोन उरतात. दुसऱ्या पंधरवड्याला तीन कमी, म्हणजे एक पालथी. जानेवारीत पाच कमी, म्हणजे दोन पालथ्या. आठांऐवजी तीन.

मग बुणगे आणले कशाला, असा प्रश्न नवखा खेळाडू विचारतोच. त्याला उत्तर द्या, टाळू नका. त्यांत सरदारांचा कुटुंबकबिला होता, व्यापारी होते, कारागीर होते, आणि फौजेच्या आसऱ्यानं उत्तरेतली तीर्थं करायला निघालेली साधी माणसं होती. एरवी तेवढ्या लांबच्या यात्रेला जाणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं. सूरजमलानं जड सामान आणि कबिला मागं ठेवायचा सल्ला दिला, तो मानला गेला नाही, आणि दिल्ली घेतल्यानंतर तो मोहिमेतून निघून गेला. आमच्या नियमात फौज दिल्लीला पोचेपर्यंत बुणगे बरोबरच असतील तर फासा टाकायचा. एक ते चार पडला की सूरजमल गेला, आणि आग्रा-मथुरेकडून त्याच्याकरवी दर पाळीला मिळणारे दोन दाणेही गेले.

आणि एक अट मी कधीच सोडत नाही. बुणग्यांची एक सोंगटी शत्रूच्या हाती पडली तर भाऊंचे तीन गुण जातात, लढाऊ सोंगटी गेली तर एकच. काही खेळाडू ही अट काढायला सांगतात, म्हणजे बुणग्यांना ओझं समजून कुठंही टाकून देता येतं. पानिपतात जीव गमावलेल्यांत मोठा आकडा ज्यांचा होता, ती ही माणसं. त्यांना खेळात किंमत नसेल तर ही मोहीम मांडण्यात मला अर्थ वाटत नाही.

चाल, नदी आणि हूल

चालीचे आकडे वहीत लिहून ठेवा. जून ते सप्टेंबर पावसाळा, बुणगे बरोबर असतील तर एका पंधरवड्यात चार घरं, नसतील तर सहा. ऑक्टोबरपासून उघाड, बुणग्यांसह सात आणि त्यांच्याशिवाय दहा. नुसतं घोडदळ, म्हणजे शिंदे, होळकर किंवा अब्दालीचे अफगाण एकटे निघाले तर बारा. हे आकडे हवेतले नाहीत. ग्वाल्हेर ते दिल्ली पंधरा ओळी आहेत. चार घरांच्या चालीनं चार पाळ्या लागतात, म्हणजे जुलैअखेर. खरी फौज ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत शिरली.

पावसाळ्यात यमुना ओलांडता येत नाही. भाऊंचा मूळ बेत नदी ओलांडून अंतर्वेदीत उतरायचा होता, पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांना इटाव्याकडं नावा जमवायला सांगितलं होतं. पुरानं तो बेत मोडला आणि फौज दिल्लीकडं वळली. मलप्रभेला किंवा मार्कंडेयाला आलेला पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबरपासून नकाशावर खूण केलेल्या उतारांवरच नदी ओलांडता येते, आणि त्यासाठी फासा चार किंवा जास्त पडायला हवा. फासा कमी पडला तर पाळी गेली, वर एक सोंगटी पालथी. अब्दालीनं बागपतला पाणी पुरतं ओसरायची वाट पाहिली नाही. त्याला त्या फाश्याची किंमत मोजावी लागू द्या.

आता लपवाछपवी. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या दिसत असतील तर बागपत घडणारच नाही, कारण भाऊ तिथं आधीच चौकी बसवतील. म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार कोऱ्या सोंगट्या द्या. त्यांना आम्ही हुली म्हणतो, कारण त्या नुसती हूल देतात. सगळ्या सोंगट्यांवर सारख्या कागदाची टोपी घाला. टोपी शेजारच्या घरात शत्रू आला तरच काढायची.

चार-पाच जण असतील तर याहून चांगली रीत आहे, आणि ती जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम तयार केले, त्यात पंच मधे असायचा. खेळाडू लेखी हुकूम द्यायचे आणि कुणाला काय दिसलं ते पंच सांगायचा. आमच्याकडं दोन खोल्यांत दोन झेरॉक्स नकाशे आणि मधल्या सोप्यात पंचाचा खरा बोर्ड. हुकूम चिठ्ठीवर, पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नाही. भाऊ आणि मल्हारराव वेगळ्या खोल्यांत असतील तर त्यांनीही चिठ्ठीनंच बोलायचं, आणि चिठ्ठी एक पाळी उशिरा पोचते. पंच म्हणून सैन्यातून निवृत्त झालेलं कुणी मिळालं तर सोडू नका. मराठा लाइट इन्फंट्रीच्या आमच्या गावात असं माणूस गल्लीत एखादं असतंच. बाकीचे किती घोडे ते विचारतात, ही माणसं आधी पाणी कुठं आहे ते विचारतात.

लढाई

हे थोडक्यात आटपतं. दोन फौजा एका घरात आल्या की तीन फेऱ्या. ताजी सोंगटी एक फासा टाकते, पाच किंवा सहा पडला तर घाव. थकलेलीला सहाच हवा. घाव लागला की ताजी सोंगटी पालथी होते, पालथी असेल तर उचलायची.

दोनच खास नियम. गारदी आणि तोफखाना जागचे हलले नसतील तर त्यांना चार, पाच, सहा तिन्ही चालतात, पण त्यांच्या समोर आपलंच घोडदळ आलं तर हा फायदा गेला. पानिपतच्या बहुतेक वर्णनांत हेच सांगितलं आहे: डाव्या बाजूला गारद्यांचा मारा चालला असताना घोडदळातली काही पथकं रांग मोडून पुढं धावली आणि तोफा बंद कराव्या लागल्या. दुसरा नियम राखीव फौजेचा. ज्यानं दोन ताज्या सोंगट्या पहिल्या दोन फेऱ्यांत बाजूला ठेवल्या, त्याच्या त्या सोंगट्यांना तिसऱ्या फेरीत चार, पाच, सहा चालतात. अब्दालीनं दुपारी राखीव फौज पुढं घातली आणि लढाई फिरली. मराठ्यांना हा नियम वापरायला कुणी मनाई केलेली नाही. फक्त दोन ताज्या सोंगट्या उरलेल्या हव्यात.

पहिली बैठक

पहिल्या दिवशी पंधराही पाळ्या खेळू नका. दुपारी दोनला बसलात तर सहापर्यंत दिल्ली गाठाल, तिथं थांबा. नकाशाचे मोबाइलवर फोटो काढा, दाण्यांच्या वाट्यांवर झाकण ठेवा, कुणाचे किती दाणे ते वहीत लिहा. आमच्याकडं एकदा आठवडाभरानं वाटीत सहा दाणे कमी निघाले होते. पंचांनी वही उघडली आणि वाद मिटला.

पंखा बंद ठेवा, नाहीतर अब्दाली थेट भरतपुरात जाऊन पडतो. सोंगट्यांना खालून छोटं वॉशर चिकटवलं तर पंख्याचा प्रश्नच मिटतो. कुंदा खाऊन त्याच हातानं सोंगट्या उचलू नका, खाणं दोन पाळ्यांच्या मधे. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना हा खेळ नीट समजतो. लहान असतील त्यांना दाणे वाटायचं काम द्या, तेच सगळ्यात मन लावून मोजतात.

पहिल्या खेळात नवख्याला अब्दाली द्या आणि सरावलेल्यानं भाऊ घ्यावेत. उलटं केलं तर नवखा हरतो आणि परत येत नाही. पैशाचे नियम, म्हणजे दिल्लीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून उभा केलेला पैसा, सावकार, थकलेले पगार, हे पहिल्या वेळी बाजूला ठेवा. अब्दालीची रसद तोडणारी गोविंदपंतांची पथकंही दुसऱ्या खेळापासून आणा.

आणि जिंकणं म्हणजे काय ते आधी ठरवा. आमच्याकडं जानेवारीचा पहिला पंधरवडा संपताना दिल्ली हातात, सहा लढाऊ सोंगट्या शिल्लक आणि चारही बुणगे सुरक्षित असतील तर भाऊ जिंकले, मग एकही लढाई झालेली नसली तरी. नवख्यांना हे पटायला वेळ लागतो. एकदा निपाणीच्या मित्रानं पावसाळाभर बुणगे ग्वाल्हेरला ठेवले, ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा मोह टाळला, बागपतसमोर होळकरांना बसवून ठेवलं आणि अब्दालीचा उताराचा फासा तीन वेळा वाया घालवला. तीन तासांत दोन चकमकी, बाकी सगळे दाणेच दाणे. त्या दिवशी माडीवर जेवढी शांतता होती तेवढी मी कुठल्याही लढाईच्या खेळात अनुभवली नाही.

पानिपतनंतर

दोन-तीनदा हे खेळून हात बसला की आपल्याच मुलुखाचा नकाशा आखायला घ्या. सन १८०० च्या पावसाळ्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग केला तो याच भागात. धारवाडच्या बाजूनं वर येत जुलैच्या शेवटी मलप्रभेकाठी, आपल्या सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीजवळ त्यानं धोंडियाच्या तळावर छापा घातला. नदीला पाणी होतं, चामडं मढवलेल्या गोल टोपल्यांतून माणसं आणि सामान न्यावं लागत होतं. धोंडिया निसटला आणि अखेर १० सप्टेंबर १८०० ला कोनगलच्या लढाईत पडला. इथं एका बाजूला मोजून चालणारी, दाण्यांना बांधलेली फौज आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसता वेग. एका घराला दहा किलोमीटर धरा, नट तोच चालतो, आणि घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा या तिन्ही नद्या आधी निळ्या पेन्सिलीनं काढून घ्या. गावं नंतर.